बटण दाबल्यावरचे ते सात सेकंद (लोकसभा २०२४)

काठावरची | २० मे २०२४, रात्री ९.१०

आत्ताच आंघोळ करून, पायाला तेल चोळून बसलेय. डोंबिवलीत दोन तास चाळीस मिनिटं रांगेत उभी होते. सोबत आई, वय ७१. मंडप होता, पण सावलीला उभे राहू शकतील जेमतेम तीस जण, आणि रांग शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन कोपऱ्यावर वळलेली. गंमत म्हणजे शेजारच्या खोलीत शुकशुकाट. तिथला कर्मचारी पंख्याखाली बसून आमच्याकडे बघतोय, आणि आम्ही त्याच्याकडे. यादीचा भाग वेगळा, त्यामुळे तिकडे जाता येत नाही. मोबाईल आत नेता येत नाही म्हणून तो पानवाल्याकडे ठेवला. त्याच्या टपरीवर आज मोबाईलचंच दुकान लागलं होतं.

पण धागा त्यासाठी नाही काढला.

आईचं सांगते. मला कळायला लागल्यापासून तिचं एकच चिन्ह, धनुष्यबाण. आधी शिक्का, मग बटण. कधी चर्चा नाही, शंका नाही. आता शिवसेना फुटली, धनुष्य एका गटाकडे, मशाल दुसऱ्याकडे. आज बाहेर आली ती गप्प. रिक्षात म्हणाली, "धनुष्य दिसलं, हात गेला, मग मागे घेतला. खाली मशाल होती. तिथेही हात गेला. मागचा माणूस खाकरायला लागला." मग दाबलं काय? तर म्हणे, "गुप्त असतं ना ते?"

मी माझं सांगते. मागच्या दोन्ही वेळा युतीला दिलं होतं, यावेळी मशालीला. प्रेमाने नाही, रागाने. मी २०१९ ला ज्या कारणासाठी मत दिलं त्याचं पुढे जे काही झालं, त्यात मला कुणी विचारलं नाही. चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. ते सात सेकंद मी विचार करत होते की हे बरोबर केलं का. चिठ्ठी पडली आणि विषय संपला.

तुमचं काय झालं? कुणाला दिलं ते सांगायचं तर सांगा, नाही तर नका सांगू. कसं ठरवलं, कशाचा वैताग आला, ते मात्र सांगा. कोण जिंकणार याचे अंदाज कृपया नकोत. अजून दोन टप्पे बाकी आहेत.

साधा_माणूस | २० मे, रात्री ९.३४

ठाणे. माझी अडचण तुझ्या उलट. मला कमळ दाबायचं होतं आणि यंत्रावर कमळच नव्हतं! जागा मित्रपक्षाला गेली. शेवटी धनुष्यबाण दाबलं, कारण मत दिल्लीसाठी आहे, ठाण्यासाठी नाही, अशी मनाची समजूत घातली.

तू रागाने दिलंस, मी हिशेबाने दिलं. दहा वर्षांत मला रस्ते दिसले, अटल सेतू दिसला, बाहेरच्या देशांत आपल्याला कसं बघतात ते दिसलं. फोडाफोडी मलाही आवडली नाही. पण २०१९ ला निकालानंतर युती मोडली तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. हे सोयीस्करपणे विसरू नका.

काठावरची | २० मे, रात्री ९.४१

विसरले नाही. म्हणूनच "प्रेमाने नाही" लिहिलंय.

निफाडचा_कांदा | २० मे, रात्री १०.०५

आमचा दिंडोरी मतदारसंघ. आमच्याकडं पक्षबिक्ष काय नव्हतं यंदा, कांदा उभा होता.

शहरातल्या लोकांना चाळीस रुपये किलो झाला की बातमी दिसते. आमची बाजू सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद. ऐन लाल कांदा बाजारात यायच्या टायमाला. ३१ मार्चला उठेल म्हणून वाट पाहिली, तर मार्चमध्येच सांगितलं, पुढचा आदेश येईस्तोवर बंदच. मग ४ मे ला उठवली. मतदान २० मे ला! आणि उठवली म्हणजे कशी, तर टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि वर ४० टक्के शुल्क तसंच. दार उघडायचं आणि उंबऱ्यावर आडवं झोपायचं, असला प्रकार.

मधी एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २००० टनाची सूट दिली. ती बातमी ज्या दिवशी आली, त्या दिवशी आमच्या पारावर प्रचाराची गाडी आली होती. गाडी वळवून गेले ते. कुणी शिवी दिली नाही, नुसतं बघितलं सगळ्यांनी.

मी तुतारी वाजवणाऱ्या माणसाला दिलं. पवार साहेबांचं प्रेम आहे असं नाही. कृषिमंत्री होते तेव्हापण निर्यातीवर बंधनं आलीच होती, म्हाताऱ्यांना आठवतं. पण राग काढायला दुसरं बटण नव्हतं.

खडूस_काका | २० मे, रात्री १०.२२

दुसरं बटण होतं. सगळ्यात शेवटचं. मी २०१४ पासून तेच दाबतो. नोटा, म्हणजे यातलं कुणीच पसंत नाही.

निफाडचा_कांदा | २० मे, रात्री १०.२६

काका, त्यानं कांद्याचा भाव वाढतो का?

खडूस_काका | २० मे, रात्री १०.३१

तुतारीने वाढतो का?

मतदान_अधिकारी_क्र_२ | २० मे, रात्री ११.१५

मी शिक्षक. १३ तारखेला ड्युटी होती. मी दोन नंबरचा, म्हणजे शाई लावणारा, नोंदवहीत सही घेणारा. थोडं पलीकडच्या बाजूचंही ऐका.

आदल्या दिवशी सकाळी साहित्य घेऊन निघालो, रात्री शाळेतल्या बाकांवर झोपलो. पहाटे साडेपाचला पक्षांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, कमीत कमी ५० मतं. ती मोजायची, चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करायच्या, यंत्र पुसून कोरं करायचं, मग सातला सुरुवात. काही वेळा प्रतिनिधीच येत नाहीत. मग दिवसभर टीव्हीवर तेच म्हणतात, यंत्रात काय होतं कुणास ठाऊक.

रांग का हळू सरकते? पहिल्या टेबलावर यादीत नाव सापडायला वेळ लागतो. चिठ्ठी आणली असेल तर दहा सेकंद, नसेल तर दोन मिनिटं. आणि काठावरचीबाईंनी लिहिलेलं ते खाकरणं आम्हाला रोज ऐकू येतं. एक आजोबा पडद्याआड पाच मिनिटं उभे होते. केंद्राध्यक्षांनी लांबून विचारलं, बाबा काही अडचण? आजोबा म्हणाले, "अडचण काय, पसंत कुणीच पडंना." सगळे हसलो. पण आत जाऊन दाखवता येत नाही, सांगता येत नाही.

एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. एक बाई आल्या, पन्नाशीच्या. नाव यादीत, ओळखपत्र बरोबर, आणि त्यांच्या नावापुढे आधीच खूण. कुणीतरी मत देऊन गेलं होतं. आमच्याकडूनच ओळख पटवताना चूक झाली असणार. अशा वेळी प्रदत्त मत असतं. यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिका देतात, ती वेगळ्या पाकिटात बंद. त्यांनी शिक्का मारला आणि विचारलं, "हे मोजणार ना?" नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत. न्यायालयात गेलं तरच उघडतात. मी "हो" म्हणालो. खोटं बोललो.

शेवंती | २० मे, रात्री ११.४०

सर, शेवटची दोन वाक्यं वाचून गलबललं.

नावगाळलेला | २१ मे, सकाळी ७.५०

त्या बाईंना निदान कागद तरी मिळाला. मला तोही नाही.

पुणे, १३ मे. २०१९ ला याच शाळेत, याच खोलीत मत दिलं. घर तेच, ओळखपत्र तेच. यावेळी बायकोचं नाव आहे, वारलेल्या वडिलांचं आहे, माझं नाही. वडील जाऊन सहा वर्षं झाली, मृत्यूचा दाखला देऊन अर्जही केला होता. ते अजून मतदार, आणि मी जिवंत उभा, तर म्हणे "यादीत नाही, पुढच्या वेळी बघा." १९५० या हेल्पलाइन नंबरला फोन केला. ताई नम्रपणे म्हणाल्या, आता काही होऊ शकत नाही.

मत कुणाला द्यायचं ते ठरवायला मी यावेळी खरोखर अभ्यास केला होता हो. उमेदवारांची शपथपत्रं उघडून वाचली, मालमत्ता, गुन्हे, सगळं. वहीत लिहून काढलं. ती वही आता भाजीच्या हिशेबाला वापरतोय.

खडूस_काका | २१ मे, सकाळी ८.३५

यादीत नाव आहे का ते बघायला दोन मिनिटं लागतात. ओळखपत्र असलं म्हणजे मत आहे असं नसतं, यादीत नाव हवं. अंतिम यादी लागल्यावरसुद्धा उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत नाव घालता येतं. शपथपत्रं वाचलीत, यादी नाही वाचलीत?

नावगाळलेला | २१ मे, सकाळी ८.४२

काका, तुमच्या बँक खात्यातून पैसे गेले तर "रोज पासबुक का नाही बघितलं" असं म्हणाल का? नाव मी काढलं नाही. ज्याने काढलं त्याने मला नोटीस द्यायला हवी होती.

मतदान_अधिकारी_क्र_२ | २१ मे, सकाळी ९.०५

दोघांचंही खरं आहे. नाव वगळायला फॉर्म ७ लागतो आणि चौकशी व्हायला हवी. पण ती चौकशी करणारा बीएलओ, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणारा, कोण? माझ्यासारखाच एखादा शिक्षक किंवा अंगणवाडीताई, शाळा सांभाळून हजारभर नावं पायी फिरून तपासणारे. सोसायटीत वॉचमन वर सोडत नाही. दार वाजवलं तर आतून "नको आम्हाला" असा आवाज, विक्रेता समजून. दोनदा कुलूप दिसलं की शेरा पडतो "स्थलांतरित". तुमचंही असंच काही झालं असेल. समर्थन करत नाही, कसं होतं ते सांगतोय.

गडचिरोलीची_माय | २१ मे, दुपारी १.२०

तुमचे शहरातले रडगाणे वाचून राहिली कालपासून. रागवू नका बरं.

आमच्याकडे १९ एप्रिललाच झालं, पहिल्या टप्प्यात. नक्षली भाग म्हणून सकाळी ७ ते दुपारी ३ च. तीनला दार बंद. काही ठिकाणी तर कर्मचारीच हेलिकॉप्टरनं येतात, यंत्र मांडीवर घेऊन. माझ्या सासूबाई टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, चालत आल्या, येता जाता मिळून दहा किलोमीटर तरी झालं असेल, ऊन तर विचारूच नका. तरी आमच्या मतदारसंघात सत्तरच्या वर टक्के झालं. तुमच्याकडं वातानुकूलित मेट्रो आहे आणि पन्नासवर गाडी अडते म्हणते.

पण हेही सांगते, सासूबाईंनी विचारलं, "दवाखान्यात डॉक्टर येईल का आता?" मी परिचारिका, मला माहीत आहे उत्तर. मीही सरांसारखंच "हो" म्हटलं.

सांगलीचा_हळद्या | २१ मे, दुपारी २.०५

आमचं तिकीट मुंबईत ठरलं, उमेदवार त्यांनीच जाहीर केला आणि आम्हाला सांगितलं, आता आघाडीधर्म पाळा. अरे, धर्म पाळायचा तर आधी विचारायचं तरी! वसंतदादांचा जिल्हा, इथं हात चिन्हच यंत्रावर नाही. समोरचा मल्ल माणूस चांगला हाय, डबल महाराष्ट्र केसरी, त्याच्याबद्दल शब्द वाईट बोलणार नाही. पण कुस्ती वेगळी आणि खासदारकी वेगळी.

मी लिफाफा दाबला. अपक्ष. काँग्रेसच्या घरातली सगळी माणसं उघड उघड मंचावर आघाडीच्या आणि घरात लिफाफ्याच्या. ७ मे ला मतदान झाल्यापासून गावात कुणी कुणाला विचारत नाही, सगळ्यांना सगळं माहीत हाय.

बारामतीची_सून | २१ मे, दुपारी २.४०

आमच्याकडे तर घराघरात नणंद-भावजय. १९९९ पासून घड्याळ पाहायची सवय. सासरे घड्याळावर अडून, "चिन्ह तेच तर पक्ष तोच." सासूबाई म्हणाल्या, "चिन्हाला काय घेऊन बसलाय, माणूस बघा." ३८ वर्षांच्या संसारात पहिल्यांदा दोघांनी वेगळी बटणं दाबली, आणि दोघंही जिंकल्यासारखे फिरतायत. माझं गुप्त. दोन्ही बाजूंचं जेवण मीच वाढते.

कुकर_आणि_हात | २१ मे, सायंकाळी ६.१५

अकोला. आमच्याकडे लढत नेहमीची तिरंगी. मी बाळासाहेब आंबेडकरांच्या कुकरला दिलं, बायकोने हाताला. ती म्हणते, यावेळी संविधानाचा प्रश्न आहे, "चारशे पार" कशाला हवेत ते कळत नाही का, मतं फोडू नका. मी म्हणतो, दर निवडणुकीत आम्हालाच का सांगता मतं फोडू नका म्हणून? आमचा माणूस उभा राहिला की "मतविभागणी", आणि तुमचा राहिला की "लोकशाही"?

भांडण नाही झालं. पण २६ एप्रिलपासून त्या विषयावर दोघं बोलत नाही. निकालात तिसरे आलो तर काय बोलू, त्याची तयारी करतोय.

तीन_यंत्रं | २१ मे, रात्री ८.५०

बीड. लिहू की नको असं करत कालपासून बसलोय.

आमच्याकडं ४१ उमेदवार. एका यंत्रावर १६ बटणं, म्हणून तीन यंत्रं ओळीनं मांडलेली. माझी आई तीनही बघून परत पहिल्याकडं आली. पण खरं तर निवड दोनातच होती, आणि तीही आम्ही केली नाही, आमच्या आडनावानं केली.

सोयाबीनचा हमीभाव ४६०० होता, बाजारात त्याच्याही खाली विकलं. पाणी नव्हतं, टँकर चालू होते. यातलं काहीच कुणी बोललं नाही. मराठा की ओबीसी, बास. गावात मतदानादिवशी दोन टेबलं, आणि कोण कुठल्या टेबलाहून चिठ्ठी घेतो इकडं सगळ्यांचं लक्ष. माझा बालवाडीपासूनचा दोस्त पलीकडच्या टेबलावर होता. त्यानं पाहिलं, मी पाहिलं. पूर्वी आम्ही एकाच डब्यात जेवायचो. त्या दिवशी त्यानं पाण्याची बाटली पुढं केली आणि मी "नको" म्हणालो. का म्हणालो, मला आजपर्यंत कळलं नाही.

मत कुणाला दिलं ते सांगणार नाही. सांगितलं तर तुम्हाला माझं आडनाव कळेल.

शेवंती | २१ मे, रात्री ९.२०

तीन_यंत्रं, लिहिलंत ते बरं केलंत. ती बाटली अजून परत देता येईल.

काठावरची | २१ मे, रात्री १०.००

+१. आणि कुणीही त्यांना खोदून विचारू नका प्लीज.

मावशींची_ताई | २२ मे, सकाळी १०.३०

धाग्यावर पैशांचं कुणीच काढलं नाही, म्हणून मी काढते. आमच्या कामवाल्या मावशींच्या वस्तीत आदल्या रात्री पाकिटं आली. दोन्हीकडून. एकाने पाचशे दिले, दुसऱ्याने विचारलं त्याने किती दिले, आणि तेवढेच दिले. मी शहाणपणा करायला गेले की देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार ठरतात, ॲपवर तक्रार करता येते, शंभर मिनिटांत कारवाई होते वगैरे.

मावशी म्हणाल्या, "ताई, पाच वर्षांत आमच्या गल्लीत येऊन त्यांनी दिलेलं हे एवढंच."

पुढे बोलले नाही. मत त्यांनी तिसऱ्यालाच दिलं म्हणे.

खडूस_काका | २२ मे, सकाळी ११.१०

मावशींना माझा नमस्कार सांगा. आता माझ्या नोटावर या. तुम्ही सगळे काय करताय? रागाने, हिशेबाने, आडनावाने, आघाडीधर्माने, नाइलाजाने बटण दाबताय. मी निदान खरं बोलतो, पसंत नाही. २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क दिला. लातूर ग्रामीणला २०१९ च्या विधानसभेत नोटा दुसऱ्या क्रमांकावर होतं, साडेसत्तावीस हजार मतं!

साधा_माणूस | २२ मे, सकाळी ११.२५

आणि पहिल्या क्रमांकावरचा आमदार झाला. काका, लोकसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो. शिट्टी आहे ती, पंच नाही.

मतदान_अधिकारी_क्र_२ | २२ मे, दुपारी १२.००

अवांतर माहिती: आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी वेगळा नियम केला. महापालिकेत नोटा पहिलं आलं तर फेरनिवडणूक. म्हणजे काकांच्या शिट्टीला वॉर्डात पंचाचा अधिकार आहे, दिल्लीत नाही. फक्त आमच्याकडच्या महापालिकांच्या निवडणुका कधी होणार, हे विचारू नका.

परदेशातला_पाहुणा | २२ मे, दुपारी ३.१५

मी अनिवासी मतदार म्हणून फॉर्म ६ अ भरून नाव घातलंय. पण मत द्यायला स्वतः गावी यावं लागतं. तिकिटाचे पैसे आणि रजा बघून बेत रद्द केला. यावर "मग बोलू नका" असं म्हणणारे येतीलच.

निफाडचा_कांदा | २२ मे, दुपारी ३.२०

बोला की. फक्त येताना कांदा घेऊन जावा, बॅगेतून गेलेल्यावर शुल्क नसावं बहुतेक.

साधा_माणूस | १ जून, रात्री ८.१०

धागालेखिकेने अंदाज नको म्हटलं होतं, पण साडेसहाला बंदी उठली आणि टीव्हीवर एक्झिट पोल सुरू झाले. बहुतेक सगळे साडेतीनशेच्या वर देतायत. मी पेढे सांगून ठेवतोय.

खडूस_काका | १ जून, रात्री ८.१४

अर्धा किलोच सांग.

निफाडचा_कांदा | ४ जून, सायंकाळी ७.३०

आमचा आला निवडून. आता ऐका खरी गंमत.

आमच्याकडं एक अपक्ष उभा होता, आडनाव आमच्या उमेदवाराचंच, आणि चिन्ह कोणतं, तर नुसती "तुतारी". आमच्याच्या चिन्हाचं नाव "तुतारी वाजवणारा माणूस". त्या अपक्षाला लाखाच्या वर मतं पडलीत! लाख! निकाल ऐकून चुलती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "अरे, त्यावर माणूस पण होता होय?"

महिनाभर मी तिला सांगत होतो, "चुलती, तुतारी दाबायची, तुतारी." माणूस सांगायचा राहिला.

साताऱ्याहून | ४ जून, रात्री ८.०५

तुमचा निदान आला. आमच्याकडे जवळपास ३३ हजारांनी पडला, आणि नुसत्या तुतारीला ३७ हजार. दुसरी बाजू म्हणते, ती सगळी मतं तुमचीच होती कशावरून? बरोबर आहे, कशावरूनच सांगता येत नाही. चिठ्ठी सात सेकंद दिसते म्हणता ना तुम्ही? आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना त्या सात सेकंदांत चष्मा सापडत नाही.

सांगलीचा_हळद्या | ४ जून, रात्री ८.३०

लिफाफा पोचला! एकूण ४८ पैकी आघाडी ३०, महायुती १७, आणि एक आमचा. आता तो परत काँग्रेसच्या दारात जाईल, आणि ज्यांनी तिकीट दिलं नाही तेच हार घालतील. बघा.

कुकर_आणि_हात | ४ जून, रात्री ९.००

तिसरे आलो. हात दुसरा. चाळीस हजारांच्या फरकाने कमळ. आमची पावणेतीन लाख.

बायको काहीच म्हणाली नाही. चहा आणून ठेवला. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मतदान_अधिकारी_क्र_२ | ५ जून, सकाळी ७.४०

मुंबई वायव्यचा निकाल पाहिलात? ४८ मतांचा फरक. एका मतदारसंघात नऊ लाखांवर मतं, आणि फरक ४८. तोही कसा, तर यंत्रांतल्या मतांत जो एका मताने मागे होता, तो टपाली मतांत पुढे जाऊन जिंकला. आम्ही ड्युटीवाले जी टपाली मतं देतो ना, कंटाळत, फॉर्म उशिरा मिळाला म्हणत, ती. फेरमोजणी, वाद सगळं सुरू आहे.

आणि काका, तिथे नोटाला १५ हजारांच्या आसपास.

खडूस_काका | ५ जून, सकाळी ८.२०

वाचलं.

इंदूरला नोटाला दोन लाखांवर पडलीत, तिथे मुख्य विरोधी उमेदवाराने अर्जच मागे घेतला होता. तिथल्या माणसाने दुसरं काय करावं, तुम्हीच सांगा. पण वायव्य मुंबईचं मात्र रात्रभर डोक्यात आहे. आमचा जावई तिथला. माझं ऐकून नोटा दाबतो.

साधा_माणूस | ५ जून, सकाळी ८.४५

देशात २९३. सरकार आमचंच येतंय, पण पेढे अर्धा किलोच आणले. काका, तुमचं ऐकायला हवं होतं.

तीन_यंत्रं | ५ जून, दुपारी १.१०

आमच्याकडं साडेसहा हजारांनी निकाल. रात्री उशिरापर्यंत कुणी जेवलं नाही, या बाजूचं पण आणि त्या बाजूचं पण. आज गावात दुकानं अर्धी बंद. गुलाल उधळू नका म्हणून पोलीसपाटील फिरत होते.

सकाळी दोस्ताच्या घरावरून गेलो. तो ओट्यावर बसला होता. थांबलो नाही, पण गाडी हळू केली. त्यानं हात नाही केला, पण आतही गेला नाही.

काठावरची | ५ जून, रात्री ९.३०

आमच्याकडे धनुष्यबाण मोठ्या फरकाने आलं. टीव्हीवर निकाल लागला तेव्हा आई भाजी निवडत होती. "आलं का?" म्हणाली. कुठलं आलं ते विचारलंही नाही, आनंद झाला की वाईट वाटलं तेही कळू दिलं नाही. मी चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला, तर मेथीची काडी माझ्या हातात दिली.

रात्री झोपताना विचारते, "विधानसभेला पण हीच चिन्हं असणार का ग?" म्हटलं, अजून कोर्टात आहे. थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग ते कोर्ट बघू दे. तू यादीत आपलं नाव आहे का तेवढं आत्ताच बघून ठेव. त्या पुण्याच्या माणसासारखं नको."

धागा तिला वाचून दाखवते मी, सांगायचं राहिलं.

नावगाळलेला | ५ जून, रात्री ९.५५

काठावरची, तुमच्या आईंना सांगा, पुण्याच्या माणसाने आज नव्याने फॉर्म ६ भरला. वडिलांसाठी फॉर्म ७ पण, दुसऱ्यांदा.